पेणकर, चेऊलकर आणि शुक्रवारचा खेळ

१४ मार्च १९३१. गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमाबाहेर एवढी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं गेलं. आत 'आलम आरा' लागला होता, भारतातला पहिला बोलपट. दिग्दर्शक अर्देशीर इराणी, पडद्यावर झुबेदा, मास्टर विठ्ठल आणि पंचविशीतला पृथ्वीराज कपूर. गाणी सात. स्टुडिओ रुळांजवळ असल्यामुळे गाड्यांचा खडखडाट टाळायला बरंचसं चित्रीकरण रात्री केलेलं. ज्या पारशी नाटकावरून हे सगळं उभं राहिलं, त्याच्या लेखकाचं नाव जोसेफ डेव्हिड. पूर्ण नाव जोसेफ डेव्हिड पेणकर.

पेणकर म्हणजे आपल्या गणपतीच्या पेणचे. भारतीय पडद्यावर माणसं पहिल्यांदा बोलली ती अशा माणसाच्या गोष्टीत, ज्याच्या आडनावात रायगड जिल्ह्यातला एक तालुका आहे. पेणची ओळख सांगताना गणपतीचे कारखाने येतात, पोह्याचे पापड येतात, मिठागरं येतात. 'आलम आरा' कुणी सांगत नाही. त्या चित्रपटाची एकही प्रत आज अस्तित्वात असल्याचं ठाऊक नाही, तेव्हा दाखवायलाही काही उरलेलं नाही. उरलंय ते आडनाव.

या किनाऱ्यावर कोणता सिनेमा लागतो, कधी लागतो आणि का लागतो, हा या लेखाचा विषय. मांडव्यापासून मुरुडापर्यंत या विषयाचा माग काढत गेलं की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. इथली नावं सिनेमात फार लवकर गेली आणि फार लांबवर गेली. सिनेमा इथे आला तो मात्र उशिरा, आणि बहुतेक वेळा मुंबईचं पाहून झाल्यावर.

आधी आडनावांचं पाहू. अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या वाटेवर नवगाव आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार कित्येक शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथल्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ही माणसं गावोगाव पसरली, तेलघाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून 'शनिवार तेली' झाली, आणि ज्या गावात राहिली त्या गावाचं आडनाव लावू लागली. किहीमकर, नवगावकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर, राजपूरकर. या आडनावांची यादी केली तर कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. घरात मराठी, कीर्तनंही मराठीत. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, आणि अलिबागेत इस्रायल आळी आणि तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग अजून आहे. एकोणिसाव्या शतकात यातली पुष्कळ कुटुंबं पलटणीत, रेल्वेत, कारकुनीत नोकऱ्या धरून मुंबईला गेली, आणि मुंबईत त्यांतल्या काहींना नाटकाचा नाद लागला.

जोसेफ डेव्हिड त्यांच्यातलेच. पारशी नाटक कंपन्यांसाठी लिहिणं हा त्यांचा व्यवसाय होता. बोलपट आला तेव्हा अडचण अशी होती की मूकपटवाल्यांना संवाद लिहायची सवयच नव्हती. ज्यांना होती ते सगळे नाटकवाले. म्हणून इराणींना नाटक घ्यावं लागलं, आणि नाटकाबरोबर पेणकर आले. दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, वाडिया मूव्हीटोनचा पहिला बोलपट 'लाल-ए-यमन' आला. त्याच्याही कथेमागे जोसेफ डेव्हिडच होते.

इथे एक खुलासा करायलाच हवा. हिंदी सिनेमातल्या ज्यू कलावंतांचा विषय निघाला की सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, नादिरा, पहिली मिस इंडिया प्रमिला ही नावं एका दमात घेतली जातात आणि सगळ्यांना बेने इस्रायल म्हणून मोकळं होता येतं. त्या बगदादी ज्यू घराण्यांतल्या, व्यापारासाठी अलीकडे आलेल्या. त्यांचा या किनाऱ्याशी, या आडनावांशी संबंध नाही. पेणकरांचा आहे.

आणि चेऊलकरांचा आहे. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे 'डेव्हिड'. टक्कल, ठेंगणी गोल अंगकाठी, डोळ्यांत मिश्कीलपणा. चौलला जुन्या कागदपत्रांत चेऊल म्हणतात, त्यावरून हे आडनाव. १९५४ च्या 'बूट पॉलिश'मध्ये झोपडपट्टीतल्या दोन पोरांना भीक मागू नका, काम करा, असं शिकवणारा जॉन चाचा त्यांनी केला. त्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. गंमत म्हणजे याच फिल्मफेअरच्या समारंभाचं सूत्रसंचालनही वर्षानुवर्षं तेच करत. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७९ मध्ये 'गोलमाल' आणि 'बातों बातों में', या दोन्हींत ते आहेत. तोवर एका आख्ख्या पिढीला हा चेहरा घरच्या काकांइतका ओळखीचा झाला होता. चौलच्या सुपारीच्या वाड्यांतल्या किती जणांना हे काका आपल्याच गावचं नाव लावतात हे माहीत होतं, देव जाणे. श्रेयनामावलीत फक्त 'डेव्हिड' यायचं. चेऊलकर गळून पडलेलं असायचं.

हे 'बूट पॉलिश' किंवा 'गोलमाल' किनाऱ्यावर कसे पोचायचे, ते आता पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

पस्तीस मिलीमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. तीन तासांच्या हिंदी चित्रपटाची सोळा-सतरा रिळं व्हायची. ती गोल डब्यांत, डबे पेटीत. अशी 'पेटी' उचलायची तर दोन माणसं लागत. वितरकांची कचेरी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाझ सिनेमाच्या इमारतीत आणि आसपास. कुठला चित्रपट कुठल्या गावाला किती टक्क्यांवर द्यायचा, मिनिमम गॅरंटी किती, पेटी कुठल्या तारखेला सुटणार, हे सगळं त्या जिन्यांवर ठरायचं. प्रती मोजक्या असत. एक प्रत तयार करणं महाग, त्यामुळे आधी मुंबई-पुण्याची मोठी थिएटरं, मग जिल्ह्याची शहरं, मग तालुके. धंद्याच्या भाषेत ए, बी, सी सेंटर. किनाऱ्यावरचं गाव बहुधा शेवटच्या अक्षरात.

म्हणजे पेटी अलिबागेत उघडायची तोपर्यंत ती फिल्म शेकडो वेळा प्रोजेक्टरमधून गेलेली असायची. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा. रीळ तुटलं की ऑपरेटर कापून चिकटवायचा, आणि दर कापणीला दोन-चार फ्रेमा जायच्या. चिकटवत चिकटवत एखादं वाक्य अर्धं राहायचं, एखादी उडी हवेतच संपायची. गाण्यांची रिळं सगळ्यांत लवकर झिजत, कारण काही गावांत 'वन्स मोअर'ला ऑपरेटर ती मागे फिरवून पुन्हा लावत. मुंबईत बसून चित्रपट पाहिलेल्या चाकरमान्याचा आणि गावात पाहिलेल्या त्याच्या भावाचा चित्रपट शब्दशः एकच नसायचा. गावातला चार मिनिटांनी छोटा असे.

यात भूगोल भर घालायचा. अलिबागला येण्याचे मार्ग दोन. एक पाण्याचा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा गेटवेवरून मांडव्याला. दुसरा जमिनीचा, पनवेल, पेण, वडखळ, मग धरमतरची खाडी ओलांडून पोयनाड. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. रेवसच्या वाटेवर तर १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांमध्ये अजून त्या दिवसाची आठवण निघते. पावसाळ्यात सामान म्हटलं की वडखळचा रस्ता. त्या रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांनी तो जुलैत पाहिलाय त्यांना सांगायला नको.

पेटी पोचली तरी खारी हवा होतीच. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं थिएटर म्हणजे लोखंडाचा गंज आणि पडद्यावरचा बुरशीचा डाग यांच्याशी कायमचं भांडण. फिल्म हा पदार्थ दमट हवेत आजारी पडतो. तिच्यावर बुरशी येते, जास्त दिवस राहिली तर तिला शिरक्यासारखा आंबूस वास सुटतो आणि ती आक्रसते. म्हणून पेटी इथे मुक्कामाला ठेवणं कुणालाच परवडायचं नाही. गुरुवारच्या शेवटच्या खेळानंतर ती बांधायची आणि पुढच्या गावाला रवाना करायची. शुक्रवारी नवीन.

खेळांच्या वेळाही शहरासारख्या मनात येईल तशा ठेवता येत नसत. नऊचा खेळ सुटायला बारा वाजतात. बारा वाजता अलिबागच्या स्टँडवरून चौल, नागाव, रेवदंड्याला जाणारी एसटी कुठून मिळणार? त्यामुळे नऊचा खेळ गावातल्यांचा आणि सायकलवाल्यांचा, सहाचा खेळ शेवटची गाडी पकडणाऱ्यांचा. तीनचा बायकांचा, घरचं आवरून, पोरांना घेऊन. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला तेव्हा राज्यभर गावोगावच्या थिएटरांनी बायकांचे हुंदके ऐकले. किनाऱ्यावरच्या बायका काही वेगळ्या मातीच्या नव्हत्या. तीनचा खेळ वेळेवर सुटला पाहिजे, कारण मासळीवालीला पहाटे बंदरावर जायचं असतं. मासेमारीचं वेळापत्रकही तिकीटबारीला कळतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी. खलाशी घरी, हातात वेळ भरपूर, पण पैसा तंग. नारळी पौर्णिमेनंतर पैसा यायला लागतो आणि वेळ जातो. गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात, त्यांनी चित्रपट आधीच पाहिलेला असतो, आणि रात्री आरत्या, भजनं, जाखडी सोडून थिएटरात कोण जाणार? किनाऱ्यावरच्या थिएटरमालकाला धंद्यासाठी भरवशाचे महिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात.

घाटावर या अडचणीवर तंबूचा तोडगा होता. जत्रा जिथे तिथे टुरिंग टॉकीज. ट्रक, त्यावर प्रोजेक्टर, मागे तंबू. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या तंबूवाल्यांच्या मागे काही वर्षं फिरून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात गेला आणि तिथे त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यात गंजलेला प्रोजेक्टर मोडून डिजिटल यंत्र घ्यायची वेळ आलेले मालक आहेत, आणि आयुष्यभर प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात घालवलेला एक अवलिया आहे. तो माहितीपट महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फार थोड्यांनी पाहिला. जत्रेत तर तो लागला पाहिजे होता.

नावांकडे परत येऊ. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला मांडवा आहे. १६ फेब्रुवारी १९९० ला 'अग्निपथ' आला आणि मांडवा हे गाव बिहारपासून कर्नाटकापर्यंत सगळ्यांना पाठ झालं, कारण त्यातला नायक विजय दीनानाथ चव्हाण आपली ओळख गावाच्या नावासकट करून देतो. अमिताभ बच्चनला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याने त्यात आवाज खर्जात, घोगरा काढला होता. सांगतात की लोकांना वाटलं थिएटरचा आवाजच बिघडलाय. शेवटी आवाज पुन्हा डब करावा लागला. लहान गावातल्या ऑपरेटरने त्या आठवड्यात किती शिव्या खाल्ल्या असतील याची मी कल्पना करू शकतो. त्याच्या स्पीकरची पब्लिकला तशीही खात्री नसायची.

२०१२ मध्ये करण मल्होत्राने 'अग्निपथ' पुन्हा केला. त्यातलं मांडवा दीवमध्ये उभारलं होतं. यात चित्रपटवाल्यांचं काही चुकलं नाही. खऱ्या मांडव्याला तोवर जेट्टी, लाँचच्या रांगा आणि शनिवार-रविवारची मुंबई आली होती, आणि खलनायक कांचा चीनाच्या अड्ड्याला ते शोभलं नसतं. पण गंमत बघा, बावीस वर्षांत मांडवा एवढं बदललं की पडद्यावर मांडवा दाखवायला दुसरा समुद्र शोधावा लागला. नाव तेवढं इथलं ठेवलं.

अलिबागच्या वाट्याला आणखी वेगळं आलं. 'अलिबागसे आया है क्या', हा मुंबईच्या बोलीतला टोमणा चित्रपटांनी देशभर पोचवला. भोळसट, बावळट माणूस कुठला, तर अलिबागचा. २०१९ मध्ये तालुक्यातल्या एका रहिवाशाने या वाक्यावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, ते मनाला लावून घेऊ नये, असा एकूण सूर होता. कायद्याच्या दृष्टीने ठीकच आहे. पण ज्या गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, त्या गावाला मुंबईने अडाणी म्हणावं हे अलिबागकराला का लागतं, तेही समजण्यासारखं आहे. मुंबईकर इंग्रज कान्होजींना घाबरून असत.

आणि आंग्र्यांचं तरी काय झालं? २००७ च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या तिसऱ्या भागात जगभरच्या समुद्री चाच्यांची सभा भरते. त्यात हिंदी महासागराचा प्रमुख आहे श्री संभाजी आंग्रिया. कान्होजींच्या मुलाचं, संभाजी आंग्र्यांचं नाव घेऊन हॉलिवूडने एक फेटेवाला उभा केला. तो फारसा बोलत नाही, त्याच्या वतीने त्याची माणसं बोलतात, आणि शेवटी तो तोंड उघडतो तेव्हा निघालेल्या बारीक आवाजावर थिएटर हसतं. मराठ्यांच्या आरमाराच्या सरखेल घराण्याला इंग्रजांनी चाचे म्हटलं ते अठराव्या शतकात. डिस्नेने त्यावर शिक्का मारला. किल्ले कुलाब्याच्या समोरच्या पुळणीवर भेळ खाता खाता किती पोरांनी हा चित्रपट मोबाइलवर पाहिला असेल, आणि त्यातला आंग्रिया म्हणजे समोरच्या किल्ल्यातलाच, हे त्यांच्या लक्षात आलं असेल का?

अलिबागवरून दक्षिणेला निघालं की चौल आणि रेवदंडा. इथे मला हवा तो चित्रपट सापडतो.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी त्वेर शहरातून निघाला, लुटला गेला, इराण पार करून होर्मुझला आला आणि एक घोडा घेऊन जहाजाने हिंदुस्थानात उतरला. वास्को द गामाच्या सुमारे तीस वर्षं आधी. गुजरातच्या बंदरांवरून पुढे येऊन तो चौलला उतरला आणि तिथून जुन्नर, बिदरकडे गेला. त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात चौलच्या लोकांचं वर्णन आहे. माणसं उघडी, डोकी उघडी, आणि तो जिथे जाईल तिथे गोरा माणूस बघायला मागे गर्दी. शूटिंगच्या मागे धावणाऱ्या गर्दीची ही या किनाऱ्यावरची बहुधा पहिली नोंद. जुन्नरला त्याचा घोडा तिथल्या खानाने काढून घेतला, तो त्याला महत्प्रयासाने परत मिळाला.

१९५७ मध्ये यावर चित्रपट झाला, 'परदेसी'. भारत आणि सोव्हिएत रशिया यांची पहिली संयुक्त निर्मिती. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांचं दिग्दर्शन, संगीत अनिल विश्वास यांचं आणि त्यांच्या जोडीला एका रशियन संगीतकाराचं. निकितिन झाला ओलेग स्त्रिझेनोव्ह. सोबत नर्गिस, पद्मिनी, बलराज साहनी. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान झाले पृथ्वीराज कपूर, म्हणजे पेणकरांच्या 'आलम आरा'तला तो तरुण, सव्वीस वर्षांनी. १९५८ मध्ये हा चित्रपट कानच्या स्पर्धेत होता. रेवदंड्यात निकितिनचं स्मारक आहे, शाळेच्या आवारात. समुद्रावर जाणारे पर्यटक किल्ल्याची भिंत बघतात, मनोऱ्यापर्यंत जातात, आणि शाळा मागे टाकून निघून जातात. त्या शाळेतल्या मुलांना 'परदेसी' कुणी दाखवला असेल तर मला आनंदच होईल.

अजून खाली मुरुड. नाना पाटेकर मुरुड-जंजिऱ्यात १ जानेवारी १९५१ ला जन्मले. वडिलांचा मुंबईतला धंदा बसल्यावर तेराव्या वर्षी ते सिनेमाची पोस्टरं रंगवायला जाऊ लागले, महिना पस्तीस रुपये आणि काही मैलांची पायपीट, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. पुढे जे. जे.तून उपयोजित कला शिकले. 'परिंदा', 'प्रहार', 'क्रांतिवीर', आणि २०१६ च्या पहिल्याच दिवशी 'नटसम्राट'. पोस्टर रंगवणारा पोस्टरवर आला, हे सांगून झालंय. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. हाताने रंगवलेलं पोस्टर लहान गावातल्या सिनेमाचं अर्धं भांडवल होतं. एसटी स्टँडवर ते पाहून माणूस ठरवायचा की शेवटची गाडी चुकवायची की नाही. त्यात नायकाचे डोळे जरा जास्त लाल, नायिकेचे ओठ जरा जास्त जाड, आणि खलनायक हमखास हिरवट. आता जे फ्लेक्स लागतात ते मुंबईत आणि मुरुडात अगदी सारखे.

सारखेपणा आला तो उपग्रहातून. २००५ च्या आसपास डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं आणि पेटी गेली. चित्रपट उपग्रहावरून थिएटरच्या यंत्रात उतरायला लागला. किनाऱ्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. पहिल्यांदाच मुंबईचा शुक्रवार आणि तालुक्याचा शुक्रवार एकाच दिवशी आला. रेघा नाहीत, तुटलेलं रीळ नाही, चार मिनिटांची चोरी नाही. पण गुपचूप एक गोष्ट हातची गेली. पेटी जुनी झाली की स्वस्त होत असे. मालक घासाघीस करून सहा महिन्यांपूर्वीचा चित्रपट थोडक्यात आणून आठवडा चालवायचा. आता सहा महिन्यांपूर्वीचा चित्रपट प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर असतो. एका पडद्याच्या थिएटरला नवीन चित्रपटच हवा, आणि नवीन चित्रपट स्वतःच्या अटींवर येतो.

अटी कशा असतात बघा. एक पडदा, दिवसाला चार खेळ, आठवड्याला अठ्ठावीस. मोठ्या हिंदी चित्रपटाचा वितरक म्हणतो, पहिल्या आठवड्यात अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आम्हाला. मल्टिप्लेक्सला पाच पडदे असतात, त्याला हे फारसं लागत नाही. एका पडद्याला ही अट म्हणजे बाकी सगळ्या चित्रपटांना दार बंद. २०१७ च्या डिसेंबरात 'टायगर जिंदा है' आला तेव्हा 'देवा' या मराठी चित्रपटाला पडदे मिळेनात म्हणून राजकीय पक्ष रस्त्यावर आले. २०२४ च्या दिवाळीत 'सिंघम अगेन' आणि 'भूल भुलैया ३' एकाच दिवशी, १ नोव्हेंबरला आले तेव्हा भांडण दोन बलाढ्यांचंच होतं, आणि त्यातही एकपडदा थिएटरांची ओढाताण झाली. मराठीला संध्याकाळचा खेळ द्या, असं सरकारने २०१५ मध्ये जाहीर केलं, ते मल्टिप्लेक्सांना. आधी संध्याकाळी सहा ते नऊ, मग विरोधानंतर दुपारी बारा ते नऊ. बारा ते नऊमध्ये दुपारचा तीनचा रिकामा खेळही बसतो, हे न कळण्याइतकं कुणी दूधखुळं नव्हतं.

त्यात २०२० साल आलं. मार्चात थिएटरं बंद झाली. १५ मार्चच्या सुमारास भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, म्हणजे गाड्या बोटीत घालून मुंबई तासाभरात किनाऱ्यावर येणार, आणि लगेचच टाळेबंदी. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागच्या वाड्या झोपल्या, नारळी-पोफळी मुळासकट गेल्या, पत्रे उडाले, कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. थिएटरं ५ नोव्हेंबरला निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. एवढ्या काळात गावाने फोनवर सिनेमा पाहायला शिकून घेतलं.

आता १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. शिवडीवरून उरण तालुक्यात. किनाऱ्याला याचा फायदा सांगणारे पुष्कळ आहेत. सिनेमापुरतं बोलायचं तर रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. पेणचा तरुण गाडी काढून पनवेलला मल्टिप्लेक्समध्ये जाऊन रात्री परत येऊ शकतो. किनाऱ्यावर उतरणारा मुंबईकर समुद्र बघायला येतो, त्याला अलिबागेत सिनेमा बघायचा नसतो. गावातल्या पडद्याला उरतात ते ज्यांच्याकडे गाडी नाही, आणि त्यांच्यासाठी कुणी चित्रपट ठरवत नाही.

ते प्रेक्षक नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला आणि ज्यांना कुणी प्रेक्षकांत धरत नव्हतं त्या बायका गटागटाने, ठरवून, नव्या साड्या नेसून राज्यभर थिएटरांत गेल्या. १२ सप्टेंबर २०२५ च्या 'दशावतार'ने तेच केलं, वेगळ्या अंगाने. दिलीप प्रभावळकरांचा थकत चाललेला दशावतारी नट, तळकोकणातली देवराई आणि खाणीचा प्रश्न. गाव आपलं स्वतःचं काही पडद्यावर आलं तर तिकीट काढतं. 'दशावतार' सिंधुदुर्गचा होता, तरी भात, देऊळ आणि विकत मागितली जाणारी जमीन रायगडकराला ओळखीची वाटणारच. इथे जमिनीचा व्यवहार तर रोजचाच.

म्हणून माझ्या हाती एक आठवडा आला तर काय लावेन, ते लिहून ठेवतो. चौल-रेवदंड्यासाठी 'परदेसी' आणि 'बूट पॉलिश', आधी जॉन चाचाचं पूर्ण आडनाव सांगून. अलिबागेत 'पायरेट्स'चा तिसरा भाग, आणि त्याआधी कुणीतरी आंग्र्यांवर वीस मिनिटं बोलावं. पोरं जागेवरच वाद घालतील. मांडव्याला दोन्ही 'अग्निपथ' पाठोपाठ. पेणला 'लाल-ए-यमन'. मुरुडला 'प्रहार', त्यात नाना दिग्दर्शकही आहेत. नवगावला 'गोलमाल' पुरे, हसायला काही कारण लागत नाही.

यातली अडचण कुणी बोलत नाही तिथे आहे. यंत्रात नवीन चित्रपट वरून उतरतो, जुना उतरत नाही. 'परदेसी' लावायचा तर आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे चौकशी करायची, त्यांच्याकडची प्रत दाखवण्याजोगी आहे का ते पाहायचं, हक्क कुणाकडे आहेत ते शोधायचं, डिजिटल प्रत मिळाली तर ती गावातल्या यंत्रावर चालते का ते तपासायचं, आणि दोनशे माणसांकडून शंभर-शंभर रुपये घेऊन हा सगळा खर्च भागवायचा. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ हेच करत आलंय, वर्गणीवर. अलिबागेत किंवा रेवदंड्यात पन्नास घरांनी वर्गणी काढली तर पहिला चित्रपट होऊ शकतो. शुक्रवार कुणी देणार नाही, आणि मागूही नये. मंगळवारचा तीनचा खेळ मागावा, तो तसाही रिकामाच जातो.